उंदराच्या मेंदूत वाढणारा कृमी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परजीवी कृमींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली, आणि त्यातला मोठा काळ एकाच कृमीच्या मागे गेला. नाव लांबलचक आहे: अँजिओस्ट्राँजिलस कँटोनेन्सिस. आम्ही आपापसात नुसतं 'कँटोनेन्सिस' म्हणायचो. नातेवाईक, विद्यार्थी आणि गावाकडचे शेतकरी त्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

हा कृमी नेमका कुठे राहतो? मेंदूत की फुप्फुसात?

दोन्हीकडे, पण वेगवेगळ्या वयात. पूर्ण वाढलेले नर-मादी उंदराच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात राहतात. मादी दोन ते तीन सेंटीमीटर लांब असते. तिचं आतडं उंदराच्या रक्ताने लाल झालेलं असतं आणि त्याभोवती पांढरा गर्भाशय गुंडाळलेला असतो. त्यामुळे ती लाल आणि पांढरा दोरा एकत्र पिळल्यासारखी दिसते. एकदा पाहिली की पुन्हा ओळखायला चूक होत नाही.

मादीने घातलेली अंडी रक्ताबरोबर फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत जाऊन अडकतात आणि तिथेच फुटतात. त्यातून निघालेल्या अळ्या श्वासनलिकेतून वर घशापर्यंत येतात, गिळल्या जातात आणि लेंड्यांतून बाहेर पडतात. त्या लेंड्या गोगलगाय खाते. तिच्या अंगात दोन-तीन आठवड्यांत अळी दोनदा कात टाकते आणि तिसऱ्या अवस्थेला पोचते. हीच अवस्था पुढच्या प्राण्याला बाधते. अशी गोगलगाय उंदराने खाल्ली की अळ्या आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतात आणि दोन-तीन दिवसांत मेंदू गाठतात.

मेंदूत त्या जवळजवळ चार आठवडे राहतात, आणखी दोनदा कात टाकतात आणि अर्ध्या मिलिमीटरच्या अळीचा सेंटीमीटरभर लांबीचा तरुण कृमी होतो. आधी त्या मेंदूच्या गाभ्यात असतात, नंतर पृष्ठभागावर, आवरणाखालच्या पाण्यात येतात. मग शिरांतून खाली उतरून हृदयामार्गे फुप्फुसाच्या वाहिनीत पोचतात. संसर्गापासून साधारण सहा आठवड्यांनी उंदराच्या लेंड्यांत पुन्हा अळ्या दिसू लागतात.

हे सगळं शोधलं कुणी?

1935 साली चीनमधल्या कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगजौला, चेन शिन-ताओ यांनी उंदरांच्या फुप्फुसात हा कृमी पाहिला आणि त्याचं वर्णन लिहिलं. नावातलं 'कँटोनेन्सिस' तिथून आलं. दहा वर्षांनी, 1945 मध्ये, तैवानमध्ये नोमुरा आणि लिन यांनी एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या मणक्यातल्या पाण्यात हेच कृमी सापडल्याचं नोंदवलं. पण युद्धाचा काळ आणि लेख जपानीत, त्यामुळे बाहेरच्या जगाला पुढची बरीच वर्षं त्याचा पत्ताच नव्हता.

मेंदूतल्या मुक्कामाचा उलगडा झाला तो ब्रिस्बेनमध्ये. जोसेफिन मॅकेरास आणि डोरोथिया सँडर्स या दोघींनी 1955 साली गोगलगायी आणि उंदीर यांच्यावर प्रयोग करून सबंध जीवनचक्र मांडलं. फुप्फुसातला कृमी आधी मेंदूत वाढतो, हे त्यांनी दाखवलं. पुढे ऑस्ट्रेलियातल्या उंदरांत या कृमीची अगदी जवळची दुसरी जात वेगळी काढली गेली, तेव्हा 1968 मध्ये तिला मॅकेरास यांचंच नाव देण्यात आलं.

हवाईमध्ये लिऑन रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मृत रुग्णांच्या मेंदूत हे कृमी सापडले ते 1960 नंतर. पॅसिफिकमधल्या बेटांवर मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा जो गूढ आजार वर्षानुवर्षं दिसत होता, त्याचं कारण तेव्हा हाती लागलं. उंदरातल्या कामाने वाट आधीच दाखवून ठेवली होती म्हणून मेंदूत शोधायचं सुचलं, असं मला ठामपणे वाटतं.

'रॅट' आणि 'माऊस' दोन्ही उंदीरच ना? मग दोघांवर वेगवेगळे प्रयोग कशाला?

हा प्रश्न मराठीतच पडतो, कारण मोठा तो रॅट आणि लहानखुरा तो माऊस, पण आपण दोघांनाही उंदीर म्हणतो. प्रयोगशाळेत म्हणूनच मराठी बोलतानाही 'रॅट' आणि 'माऊस' हेच शब्द वापरावे लागतात. या कृमीच्या बाबतीत तर दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रॅट हा त्याचा घरचा यजमान, म्हणजे ज्याच्या अंगात तो वाढतो तो प्राणी. बेताच्या संख्येने अळ्या पाजल्या तर रॅट मेंदूत कृमी असतानाही खातो-पितो, हिंडतो. महिन्याभराने कृमी मेंदू सोडून खाली उतरतात आणि संसार थाटतात.

माऊसमध्ये अळ्या मेंदूपर्यंत तशाच पोचतात, तशाच वाढूही लागतात. पण तिथून पुढे त्यांची वाट बंद होते. दोन आठवड्यांनंतर माऊसचं वजन घटायला लागतं, अंगावरची लव विस्कटते, मागचे पाय लुळे पडतात. मेंदूच्या आवरणात पांढऱ्या पेशींची गर्दी होते आणि कृमी तिथेच मरतात. संसर्ग जास्त असेल तर तिसऱ्या आठवड्याच्या आसपास माऊसही मरतो.

माणसाचं माऊससारखंच होतं. आपल्याही मेंदूत कृमी पोचतो, थोडा वाढतो आणि बहुतेक वेळा तिथेच मरतो. म्हणून कृमीचं जीवनचक्र चालू ठेवायला रॅट लागतो आणि माणसाचा आजार समजून घ्यायला माऊस. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो, कारण हे डोक्यात पक्कं बसलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

मग मेंदूला इजा कोण करतं? कृमी की आपलंच शरीर?

दोघंही. कृमी मेंदूतून वाट काढतो तेव्हा बारीक बोगदे पडतात आणि थोडा रक्तस्राव होतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. पण मोठा भाग असतो तो इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर 'इओसिनोफिल' ही ओळ तुम्ही वाचली असेल. ॲलर्जीत आणि जंतांत हा आकडा वाढतो. या पेशींच्या पोटात विषारी प्रथिनं भरलेले दाणे असतात. ते कृमीवर रिकामे केले जातात, पण आजूबाजूचा मेंदूही त्यात भाजून निघतो.

याची कहाणी ऐकण्यासारखी आहे. 1930 च्या दशकात लंडनमध्ये मर्विन गॉर्डन हे हॉजकिन आजाराच्या (लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगाच्या) रुग्णांच्या गाठींचा रस सशांच्या मेंदूत टोचून पाहत होते. ससे लडखडायला लागले, त्यांचे पाय ताठरले. आधी वाटलं, गाठीत एखादा विषाणू असणार. मग निरोगी अस्थिमज्जेच्या रसानेही तसंच होतं असं दिसलं आणि विषाणूची कल्पना बारगळली. दोन्हींत समान होते ते इओसिनोफिल. कित्येक वर्षांनी त्यांच्यातलं चेतापेशी मारणारं प्रथिन वेगळं काढण्यात आलं. 1989 मध्ये गिनीपिगला कँटोनेन्सिसची बाधा करून पाहिलं तेव्हा अगदी सशांसारखाच लडखडण्याचा प्रकार दिसला. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या मोठ्या, झाडासारख्या फांद्या असलेल्या पर्किंजे पेशी इओसिनोफिलच्या या विषाला सगळ्यात आधी बळी पडतात.

मग इओसिनोफिल नकोतच का? तसंही नाही. 1993 मध्ये जपानी संशोधकांनी माऊसला अशी प्रतिपिंडं दिली की इओसिनोफिल तयारच होऊ नयेत. त्या माऊसच्या मेंदूत कृमी जास्त काळ जगले. म्हणजे कृमीला मारणारी फौजही तीच आणि घराची नासधूस करणारीही तीच. या आजाराचा सगळा पेच इथे आहे.

प्रयोगशाळेत हा कृमी सांभाळतात कसा?

काचेच्या बशीत तो पिढ्यान् पिढ्या वाढत नाही. त्यामुळे रॅट आणि गोगलगायी दोन्ही सांभाळाव्या लागतात. गोगलगायी सहसा बायोम्फालारिया नावाच्या, गोड्या पाण्यातल्या चपट्या शंखाच्या असतात. बशीत बाधित रॅटच्या लेंड्या भिजवून अळ्या वेगळ्या करायच्या आणि त्या पाण्यात गोगलगायी सोडायच्या. मग तीन-चार आठवडे त्यांना पालेभाजी घालत थांबायचं.

त्यानंतरचं काम मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. शंख फोडून मांस बारीक करायचं आणि पेप्सिन व आम्लाच्या द्रावणात 37 अंशांवर ठेवायचं, म्हणजे उंदराच्या पोटात होतं तेच भांड्यात करायचं. तासाभरात मांस विरघळतं, अळ्या मात्र जिवंत राहतात. बारीक जाळीतून गाळून तळाचा गाळ बशीत घेतला आणि भिंगाखाली धरला की गढूळ पाण्यात काचेच्या तंतूसारख्या अळ्या वळवळताना दिसतात. एक टोक आखडून दुसरं झटकन फिरवतात, क्षणभर थांबतात, पुन्हा वळतात. बारीक नळीने एकेक उचलून मोजायची. रॅटसाठी पन्नासाच्या आत आकडा धरायचा आणि बोथट टोकाच्या सुईने तोंडावाटे पाजायच्या. मोजणीत कुणी मध्ये बोललं की पहिल्यापासून सुरुवात. हातमोजे दुहेरी. बशी पुसलेला प्रत्येक कागद उकळत्या पाण्यात जायचा. हीच अळी माझ्या पोटात गेली तर ती मेंदूकडेच निघेल, याचा विसर एक दिवसही पडू दिला नाही.

या प्रयोगांतून रुग्णांना काय मिळालं?

सगळ्यात मोठी गोष्ट मिळाली ती उपचाराची दिशा. आपल्याकडे जंत म्हटलं की अल्बेंडाझोल, हे समीकरण घराघरांत ठाम आहे. माऊसमध्ये संसर्गानंतर लवकर अल्बेंडाझोल दिलं तर कृमी मरतात, हे खरं. पण कृमी मोठे झाल्यावर एकदम मेले की त्यांच्या भोवतीची सूज वाढण्याची भीती असते. म्हणून माऊसमध्ये जंताच्या औषधाबरोबर सूज उतरवणारं स्टिरॉइड देऊन पाहण्यात आलं आणि ही जोडी नुसत्या जंताच्या औषधापेक्षा सरस ठरली.

माणसांवरचा महत्त्वाचा प्रयोग थायलंडमध्ये खोन केन इथे झाला आणि 2000 साली प्रसिद्ध झाला. 55 रुग्णांना दोन आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं, 55 जणांना औषध नसलेल्या गोळ्या. दोन आठवड्यांनी डोकेदुखी शिल्लक होती ती पहिल्या गटात 5 जणांची आणि दुसऱ्या गटात 25 जणांची. पुढच्या एका थाई प्रयोगात स्टिरॉइडच्या जोडीला अल्बेंडाझोल देऊन पाहिलं, तर नुसत्या स्टिरॉइडपेक्षा ठळक फरक दिसला नाही. कृमी तसाही मरणारच आहे, तोपर्यंत मेंदूची सूज आवरून धरा, असा या उपचाराचा अर्थ. कळकळीने सांगतो, संशय आला तर घरातली जंताची गोळी आपल्या मनाने घेऊ नका. आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा.

निदानालाही प्राण्यांची मदत होते. चाचणीसाठी लागणारी कृमीची प्रथिनं प्रयोगशाळेतल्या उंदरांत वाढवलेल्या कृमींपासूनच मिळत आली आहेत. रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं कृमीच्या 31 किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाचं वजन सांगायचं एकक) प्रथिनाला चिकटतात का, हे थायलंडमध्ये पाहिलं जातं. शिवाय मणक्यातल्या पाण्यात कृमीचा डीएनए शोधण्याची पीसीआर तपासणी आहे.

माणसाला हा होतो कसा आणि लक्षणं काय?

कच्ची किंवा अर्धवट शिजलेली गोगलगाय खाल्ल्याने, किंवा ज्यांनी गोगलगाय खाल्ली आहे अशा गोड्या पाण्यातल्या कोळंबी, खेकडा, बेडूक, घोरपड यांचं कच्चं मांस खाल्ल्याने. 2006 मध्ये बीजिंगमध्ये एका उपाहारगृहातल्या अर्धकच्च्या गोगलगायींमुळे 160 जण आजारी पडले. 2000 मध्ये जमैकाला सहलीला गेलेल्या 23 अमेरिकी तरुणांपैकी 12 जणांना बाधा झाली. तिथे संशय कच्च्या सॅलडवर होता. पानात बारीकशी बिनशंखाची गोगलगाय चिरली गेली तरी पुरते.

एक ते तीन आठवड्यांनी प्रचंड डोकेदुखी सुरू होते, मान आखडते, मळमळतं. ताप असेलच असं नाही. एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे: कातडीवर मुंग्या येतात, कपडा घासला तरी आग होते. पाठीतलं पाणी काढून तपासलं आणि त्यातल्या पांढऱ्या पेशींत दहा टक्क्यांहून जास्त इओसिनोफिल निघाले की डॉक्टर कृमीचा विचार करतात. कृमी स्वतः त्या पाण्यात क्वचितच हाती लागतो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. काहींना मात्र कायमचं अपंगत्व येतं, थोडे दगावतातही.

एकाचा दुसऱ्याला होत नाही. माणसाच्या पोटातून अळ्या बाहेर पडतच नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात हा आहे का?

आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या संशोधकांनी शहरातल्या घुशींमध्ये हा कृमी सापडल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे मुंबईतल्या आफ्रिकन गोगलगायींमध्येही त्याच्या अळ्या मिळाल्या. प्रयोगशाळेतल्या रॅटच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत कृमी कुठे कुठे विखुरतात, याचा अभ्यासही मुंबईत झाला. हे काम आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं.

ही आफ्रिकन गोगलगाय भारतात आली 1847 साली, कोलकात्यात, एका हौशी इंग्रजाने आणली म्हणून. आज तीच आपली 'शंखी गोगलगाय'.

माणसांतले भारतातले रुग्ण प्रामुख्याने केरळ आणि कर्नाटकाच्या किनारपट्टीवरून नोंदवले गेले, आणि त्यांतल्या अनेकांनी 'ताकदीसाठी' घोरपडीचं कच्चं मांस खाल्लं होतं. घोरपड मारणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहेच, वर हा धोका.

आम्ही शेतातल्या शंखी गोगलगायी हातांनी वेचतो. भीती आहे का?

2022 च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे या गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, तेव्हापासून हा प्रश्न मला सतत येतो. नुसत्या स्पर्शाने धोका फारच कमी. अळी पोटात जायला हवी. तरी हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातात चढवा, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला, तंबाखूला हात लावू नका. लहान मुलांना वेचायला पाठवू नका, ती तोंडात बोटं घालतात. वेचलेल्या गोगलगायी कोंबड्या-बदकांपुढे टाकण्यापेक्षा मिठाच्या पाण्यात मारून खोल पुरलेल्या बऱ्या.

तिसऱ्या, खुबे खाऊन होतो का?

हे समुद्रातले आणि खाडीतले शिंपले. या कृमीचं चक्र जमिनीवरच्या आणि गोड्या पाण्यातल्या गोगलगायींतून चालतं. 1965 च्या एका अमेरिकी प्रयोगात प्रयोगशाळेत कालवं आणि शिंपले यांना बाधा करता आली होती, पण आपण तिसऱ्या कच्च्या खातच नाही. वाफेवर शिंपा उघडल्या आणि नीट शिजल्या की अळी उरत नाही. गाभ्यापर्यंत 74 अंश उष्णता पंधरा सेकंद मिळाली तरी पुरे.

घरात उंदराच्या लेंड्या दिसतात. त्यातून मेंदूत कृमी जाईल?

नाही. लेंड्यांतली अळी पहिल्या अवस्थेतली असते, गोगलगायीतून गेल्याशिवाय ती माणसाला बाधत नाही. उंदराच्या मुतातून होणारा लेप्टो हा वेगळा आजार आहे, तो जिवाणूंमुळे होतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्याची काळजी जास्त घ्यायला हवी.

कोबीतून डोक्यात किडा जातो म्हणतात, तो हाच का?

तो वेगळा. तो डुकरातला पट्टकृमी, टीनिया सोलियम. माणसाच्या विष्ठेतून आलेली त्याची अंडी भाजीवाटे किंवा हातावाटे पोटात गेली की मेंदूत गाठी होतात. आपल्याकडे फिट येण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि कधीही मांस न खाणाऱ्यालाही तो होऊ शकतो. दोष कोबीचा नाही, भाजीला लागलेल्या मैल्याचा आहे.

प्रयोगशाळेत हा अभ्यास अवघड जातो, कारण त्याच्या गाठींचा नैसर्गिक यजमान डुक्कर आहे आणि डुकरं सांभाळणं खर्चिक. म्हणून त्याचे नातलग कृमी माऊसमध्ये वापरतात. पेरूमधल्या संशोधकांनी तर अंड्यांतले भ्रूण रॅटच्या मेंदूत थेट टोचून गाठी वाढवून दाखवल्या, आणि त्या रॅटना झटकेही आले. फिट नेमकी कशी येते याचा अभ्यास त्यामुळे शक्य झाला.

उंदरांचे हाल होत नाहीत का?

होतात. मी ते खोटं सांगणार नाही. मागचे पाय ओढत पाण्याच्या नळीकडे सरकणारा माऊस मी पाहिला आहे, आणि त्या रात्री जेवण गेलं नव्हतं.

म्हणूनच नियम आहेत आणि ते काटेकोर पाळायचे असतात. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे, प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिमत्ता समिती असते, आणि तिच्या मंजुरीशिवाय एकाही उंदराला हात लावता येत नाही. किती उंदीर लागणार, का लागणार, प्राण्याशिवाय हे काम होणार नाही का, याचं उत्तर कागदावर द्यावं लागतं. वजन ठरावीक मर्यादेखाली गेलं किंवा पाय लुळे पडले की मरायची वाट न बघता प्राण्याला वेदनारहित मरण द्यायचं, हे आधीच ठरलेलं असतं. आमच्याकडे पिंजऱ्यावरच्या कार्डावर रोजचं वजन लिहायचं काम सगळ्यात ज्येष्ठ माणसाचं होतं. ते नवख्यावर सोडायचं नाही, असा मी आग्रह धरला होता.

कुत्र्याला होतो का?

होतो, विशेषतः पिल्लांना, कारण ती दिसेल ते तोंडात घालतात. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन आणि सिडनीकडे अशी पिल्लं पशुवैद्यांकडे नेहमी येतात. मागचे पाय अडखळतात, शेपटी लुळी पडते, पाठीवर हात ठेवला की पिल्लू कळवळून ओरडतं. उपचारात तिथेही मुख्य औषध स्टिरॉइडच. पावसाळ्यात तुमच्या अंगणात गोगलगायी निघत असतील तर पिल्लाचं पाण्याचं भांडं रात्री बाहेर ठेवू नका. सकाळी त्यात एखादी बुडालेली सापडते.